घोडीचे दात

ब्राह्मणपुरीत कोणाची गाडी उचलायची निघाली की आधी माणसं जमतात आणि मग जॅक शोधला जातो. माणसं लगेच जमतात. जॅकला वेळ लागतो, कारण तो सध्या कोणाकडे आहे याबद्दल किमान तीन मतं असतात. एक म्हणतो, पपईच्या वावरात ट्रॉलीखाली लावला होता, तिथंच असेल. दुसरा म्हणतो, छे, तो खेतियाच्या पाव्हण्यांच्या डिकीतून कधीच गेला. तिसरा काहीच म्हणत नाही. घरी जातो आणि जॅक घेऊन येतो. गेल्या पोळ्यापासून तो त्याच्याच गोठ्यात दार अडवायला ठेवलेला असतो. आमच्याकडे जॅकचा मालक तो नव्हे ज्यानं पैसे दिले; मालक तो, ज्याच्याकडे जॅक शेवटचा राहिला.

तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, माती काळी, पिकं ऊस, केळी, पपई, कापूस. अशा गावात लोखंडाची आणि वजनाची भीती कोणाला नसते. ट्रॅक्टरचं मागचं चाक, तेही ट्यूबमध्ये पाणी भरलेलं, ज्यानं भर वावरात उतरवलंय तो तुमच्या अल्टोला वजनात धरतच नाही. गावातल्या गाड्यांच्या नंबरपाट्या वाचत गेलात तर जिल्ह्याचा इतिहास-भूगोलही कळतो. 1 जुलै 1998 ला नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून एमएच 39 ही घरची पाटी. एमएच 18 म्हणजे त्याआधीची, धुळे जिल्ह्यातली जुनी जीप. ती आता चालत नाही पण विकायचीही नाही. जीजे 05 म्हणजे सुरतेहून स्वस्तात आणलेली सेकंडहँड. आणि एमपी 46 दिसली की समजावं, बडवानीकडचे जावई आलेत, आज घरात पुरण शिजणार.

या सगळ्या गाड्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर धावतात आणि घरी येताना एक तक्रार घेऊन येतात: खालून आवाज येतो. घरगुती गाडीदुरुस्तीचा उगम या तीन शब्दांत आहे. आवाज खालून येतो म्हटल्यावर खाली बघावं लागतं, खाली बघायचं तर गाडी वर करावी लागते आणि गाडी वर करायची म्हटलं की माणसं जमतात. शहाद्याच्या मिस्त्रीकडे न्यावी म्हटलं तर हंगामात त्याच्या दारात ट्रॅक्टरांची रांग असते. तो गाडीकडे न बघताच आवाज ऐकतो, "लिंक रॉड असेल, नाहीतर बुश असेल, नाहीतर दोन्ही," असं निदान करतो आणि सोमवारी बोलावतो. कोणता सोमवार, हे तो सांगत नाही.

मग घरीच बघू, असं ठरतं.

गाडीसोबत कंपनीनं दिलेला एक जॅक असतो, ही गोष्ट बऱ्याच गाडीमालकांना पहिल्या पंक्चरला कळते. डिकीतल्या गालिच्याखाली, स्टेपनीच्या बगलेत तो कैचीचा जॅक घडी घालून झोपलेला असतो. त्याचा दांडा मात्र जागेवर नसतो. दांडा भक्कम, वाकडा आणि हाताला बरा बसणारा असल्यामुळे तो घरात दुसऱ्या कामाला लागलेला असतो. कैची जॅकबद्दल मला आदर आहे. त्यात तेल नाही, रबराचं कडं नाही. आट्यांचा स्क्रू आहे आणि स्क्रूचं घर्षणच त्याला जागच्या जागी अडवून धरतं, त्यामुळे तो आपोआप खाली बसत नाही. पण त्याचं बूड तळहाताएवढं आणि उंची गुडघ्याएवढी, म्हणजे बाजूनं धक्का लागला की आडवा. रस्त्याकडेला चाक बदलण्यापुरता तो दिलेला आहे. गाडीखाली शिरणाऱ्या माणसासाठी नाही. आणि तोही आता जायच्या वाटेवर आहे: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर स्टेपनी नाही दिली तरी चालेल, अशी मुभा केंद्र सरकारनं 2020 साली मोटारींना दिली. स्टेपनी गेली की तिच्या बगलेतला जॅक कशाला राहतो? पुढच्या पिढीला डिकीत गालिचा उचलल्यावर फक्त एक पंप आणि गोंदाची बाटली मिळेल.

कैची जॅक अपुरा पडला की पूर्वजांचे उपाय बाहेर येतात. पहिला उपाय माणसं. सहा जण बंपरला हात घालतात, सातवा "हां, उचला!" म्हणतो. गाडी खरोखर उचलली जाते. पण ती किती वेळ उचलून धरायची याचा करार कोणी केलेला नसतो, आणि मध्येच एकाचा मोबाइल वाजतो. दुसरा उपाय पाटचारीचा. गाडीची दोन्हीकडची चाकं पाटचारीच्या दोन काठांवर घ्यायची आणि आपण मध्ये चारीत बसून वर बघायचं. कल्पना नामी आहे. गॅरेजमधला खड्डा वेगळा काय असतो? फरक एवढाच, की गॅरेजचा खड्डा सिमेंटचा असतो आणि पाटचारीचा काठ काळ्या मातीचा. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पाणी कधी सुटेल हे पाटकऱ्यालाही ठाऊक नसतं.

तिसरा आणि सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे विटा.

विटेवर आमच्या लोकांचा जो भरवसा आहे त्याला खुद्द विठोबाची साक्ष आहे, त्यामुळे त्याविरुद्ध बोलताना जपून बोलावं लागतं. देव उभा राहिला ना विटेवर? मग बोलेरो का नाही उभी राहणार? मी नम्रपणे एवढंच सांगतो की पांडुरंग समचरण उभा आहे. दोन्ही पावलं सपाट, वजन सारखं वाटलेलं. बोलेरोचा अ‍ॅक्सल तसा टेकत नाही. तो विटेच्या एका रेघेवर सगळा भार देतो. भाजलेली माती सपाट भार झकास पेलते, रेघेवरचा भार पेलत नाही. आणि ती वाकून, करकरून, इशारा देऊन तुटत नाही. ती एकदम फुटते. आतून पोकळ असलेला सिमेंटचा ठोकळा तर आडवा ठेवला की त्याहून वाईट. या दोन्हींपेक्षा बाभळीचा ओंडका बरा. लाकूड निदान तुटण्याआधी बोलतं.

पण हे सगळं सांगून झाल्यावर समोरून जे उत्तर येतं ते खानदेशातलं सर्वांत मोठं सुरक्षा-मानक आहे. ते अहिराणीत आहे आणि तीन शब्दांचं आहे: "काही व्हत नही!" विजेच्या उघड्या तारेला, विहिरीच्या मोडक्या कठड्याला, उसाच्या तीन मजली ट्रॉलीला आणि विटेवरच्या गाडीला हे एकच प्रमाणपत्र चालतं. त्याची मुदत कधी संपत नाही, कारण ज्यांचं काही झालं ते पुन्हा येऊन हरकत घेत नाहीत.

आता बाटली जॅककडे वळू. ट्रकवाल्यांमुळे आणि ट्रॅक्टरांमुळे हा जॅक गावात पूर्वीपासून आहे आणि तो टनांत मोजला जातो. इथं एक मर्दानी घोटाळा होतो. पाच टनी जॅक घेणाऱ्याला शेजारी विचारतो, "दहाचा नाही मिळाला?" दहावाला वीस टनीवाल्यासमोर गप्प बसतो. हिशेब केला तर सगळेच गप्प बसतील. अल्टो भरते साडेसातशे किलोच्या आसपास. बोलेरो सोळाशेच्या आसपास. आणि आपण कधीच अख्खी गाडी उचलत नाही; एक टोक, फार तर एक बाजू उचलतो. म्हणजे बोलेरोच्या एका टोकाला आठ-नऊशे किलो. दोन टनी जॅक घरच्या कोणत्याही गाडीला पुरून उरतो, तीन टनी घेतला तर थोडी उंची आणि मनाला थोडा आधार जास्त. वीस टनी जॅकनं अल्टो उचलणं म्हणजे ताकद नव्हे, नुसतं ओझं. तो जॅक डिकीत ठेवला की मायलेज कमी होतं.

खरी गोम टनांत नाही, उंचीत आहे. जॅक किती वर जातो हे सगळे विचारतात. किती खाली बसतो हे कोणी विचारत नाही. पाच टनी बाटली जॅक पूर्ण मिटलेला असतानाच साधारण 20 सेंटिमीटर उंच असतो. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर, म्हणजे सव्वासोळा सेंटिमीटर, आणि तोही चारही चाकांत हवा असताना. चाक बसलं की गाडी आणखी खाली. मग दृश्य असं असतं: मालक जमिनीवर पालथा, हातात पाच टन ताकद, आणि ती ताकद आत शिरायला जागा नाही. शेवटी जॅक बसवण्यासाठी गाडी थोडी उचलावी लागते. त्यासाठी सहा जण. बोलेरोच्या मागच्या अ‍ॅक्सलखाली तोच जॅक छान बसतो, तक्रार नाही. ज्याच्या त्याच्या गाडीप्रमाणे जॅक बघावा, एवढाच मुद्दा.

यावर उपाय ट्रॉली जॅक. चार चाकांचा, बुटका, लांब दांड्याचा, जमिनीवरून ढकलत न्यायचा. गॅरेजमध्ये असतो तो. पण आमच्या भागात तो नावानं मागण्यात धोका आहे. दुकानात जाऊन "ट्रॉली जॅक दाखवा" म्हटलं की दुकानदार प्रामाणिकपणे विचारतो, "ट्रॉली दोन चाकी का चार चाकी? उसाची का साधी?" तुम्ही म्हणता, ट्रॉलीचा नको, कारचा हवा. तो म्हणतो, मग ट्रॉली जॅक कशाला मागता? त्याचं चुकत नाही. साखर कारखान्याच्या पट्ट्यात ट्रॉली म्हणजे ट्रॉली. "गॅरेजमध्ये असतो तसला, चाकांचा" असं म्हणावं आणि हातानं ढकलायचा अभिनय करून दाखवावा. माल लगेच बाहेर येतो.

स्वस्तातला दोन टनी ट्रॉली जॅक साधारण साडेतेरा सेंटिमीटरपासून तेहतीसपर्यंत जातो. हे आकडे पेटीवर छापलेले असतात आणि तेवढेच वाचायचे असतात. पेटीवरच्या चित्रातली लाल स्पोर्ट्‌स कार वाचायची नसते. पण या जॅकची एक खोड पेटीवर छापत नाहीत. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणून वर जाताना एकतर गाडी थोडी पुढं यावी लागते, नाहीतर जॅक थोडा गाडीखाली सरकावा लागतो. त्याला चाकं दिलीत ती घरात मिरवायला नाहीत, उचलतानाच सरकण्यासाठी आहेत. परदेशी व्हिडिओत ते होतं, कारण खाली आरशासारखी सिमेंटची फरशी असते. आमच्या अंगणात काय होतं? शेणानं सारवलेलं अंगण असेल तर जॅकची लोखंडी चाकं सारवण फोडून आत रुततात, आणि ज्यांनी सारवलं त्या माऊली ओट्यावरून जे बोलतात ते छापता येत नाही. वावरातली काळी माती असेल तर जॅक सरकत नाही, कलतो, आणि टोपी गाडीखालून निसटायला बघते. ग्रामपंचायतीचे पेव्हर ब्लॉक असतील तर चाक दोन ब्लॉकच्या फटीत अडकतं. यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे: खाली जाड लोखंडी पत्रा किंवा जाड सलग फळी टाकावी, जमीन सपाट निवडावी. जुन्या ट्रॉलीचा पत्रा प्रत्येक घरामागे पडलेला असतो. तो नेमका त्याच दिवशी भंगारवाल्याला दिलेला असतो, तो भाग वेगळा.

तेवढ्यात ओट्यावरचे आबा विचारतात, "एवढासा दांडा हलवून एवढी गाडी वर कशी जाते रे?" या प्रश्नाला पुण्याहून आलेला भाचा "हायड्रॉलिक" असं उत्तर देतो, म्हणजे उत्तर देत नाही. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच माणसानं दाखवून दिलं की कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. बारीक दट्ट्यावर थोडा जोर द्या, रुंद दट्ट्यावर तोच दाब जास्त जागेवर बसतो आणि जोर वाढतो. बदल्यात बारीक दट्ट्याला खूप वेळा हलवावं लागतं. फुकट काहीच मिळत नाही. या तत्त्वावर ब्रामा नावाच्या इंग्रजानं 1795 साली प्रेसचं पेटंट घेतलं आणि 1851 मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननं हातात उचलून नेता येईल असा जॅक काढला. म्हणजे मोटारगाडी निघायच्या आधीच तिला उचलायचा जॅक तयार होता. गाडी बिघडणारच, ही दूरदृष्टी.

आबांना हे सगळं पटतं. मग ते दुसरा प्रश्न विचारतात आणि तो पहिल्यापेक्षा बरा असतो: "मग हे तेल अडवतं कोण?"

तेल अडवतं एक रबराचं कडं. मिस्त्री त्याला वायसर म्हणतो. सोळाशे किलोची गाडी, तिच्याखाली तुमच्या घरातला कमावता माणूस, आणि या दोघांच्या मध्ये बांगडीहून लहान एक रबर. ते रबर नवं असतं तोवर इमानदार असतं. मग मे महिना येतो, पत्र्याच्या शेडमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, रबर वाळतं, धूळ शिरते. तेल कमी झालं की घरात जे सापडेल ते ओतलं जातं: इंजिनऑइल, ब्रेकऑइल, एकदा तर मी शेंगदाण्याच्या तेलाचा प्रस्ताव ऐकलाय. ब्रेकऑइल त्या रबराला फुगवून खराब करतं. जॅकचं म्हणून वेगळं तेल मिळतं, तेच घालायचं असतं. पण गावात जॅक सार्वजनिक आणि तेल खासगी, त्यामुळे घालणार कोण? मग असा जॅक गाडी उचलतो आणि नंतर हळूहळू, कोणाच्या लक्षात येणार नाही असा, खाली बसत जातो. संध्याकाळी उचललेली गाडी सकाळी जमिनीवर असते आणि घरचे म्हणतात, रात्री कोणीतरी उतरवली.

म्हणून जॅकचं काम उचलणं. धरून ठेवणं हे त्याचं कामच नाही. सरकारं पाडण्या-उभारण्याचा अनुभव असलेल्या राज्यात हे जास्त समजावून सांगायची गरज पडू नये: जो उचलतो तो वेगळा आणि ज्याच्या टेकूवर पाच वर्षं काढायची तो वेगळा. गाडीच्या बाबतीत हा टेकू म्हणजे स्टँड. गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात. गाडी जॅकनं उचलायची, खाली दोन घोड्या लावायच्या, जॅक सोडून भार घोड्यांवर घ्यायचा आणि मग खाली जायचं.

इथं मला आमच्या तालुक्याबद्दल अचंबा वाटतो. कारण घोडी निवडण्यात आमच्या तालुक्याचा हात कोण धरणार? तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर माहीत आहे. उत्तर प्रदेश, राजस्थान, पंजाब, कुठून कुठून जनावरं येतात. त्या बाजारात आमचा माणूस बघा. आधी लांबून बघतो. मग जवळ जाऊन जनावराच्या अंगावरचे भोवरे बघतो, कुठला शुभ, कुठला खोडीचा. चारी पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी म्हणून दोन पावलं मागं सरून पुन्हा बघतो. खूर उचलून बघतो. चालवून बघतो, वळवून बघतो. आणि शेवटी ओठ वर करून दात बघतो, कारण वय विकणारा सांगेल ते नसतं, दात सांगतील ते असतं. बसायचं एका वरातीपुरतं असलं तरी एवढी तपासणी. आणि हाच माणूस ज्या घोडीखाली स्वतः उताणा झोपणार आहे ती घेताना दुकानात उभ्या उभ्या एकच प्रश्न विचारतो: "कमी किती करणार?"

अहो, दात तर इथंही आहेत!

बाजारात जास्त दिसणाऱ्या घोडीला मधोमध दातेरी दांडा असतो. तो वर ओढला की कटकट आवाज करत चढतो आणि आतली खिट्टी एका दातात अडकून बसते. सगळा भार त्या एका दातावर आणि त्या एका खिट्टीवर. ते दात उथळ असतील, खिट्टी अर्धीच बसत असेल, तर बघणाऱ्याला काही कळत नाही. भार आल्यावर कळतं. हे फक्त आपल्याकडच्या स्वस्त मालाचं दुखणं आहे असं समजू नका. 2020 साली अमेरिकेतल्या अवजारांच्या दुकानांच्या एका मोठ्या साखळीनं सुमारे 17 लाख स्टँड परत मागवले. कारण हेच. साचा जुना झाला होता, काही स्टँडचे दात खिट्टीला पुरेसे खोल धरत नव्हते. लोकांनी परत केले. त्यांच्या जागी नवे आणले. आणि काही महिन्यांत त्या बदली आलेल्यांपैकीही काही परत मागवावे लागले, कारण त्यांची वेल्डिंग चुकली होती. तिथं मागे बोलावतात तरी. आपल्या दुकानात बिलच पक्कं नसतं, तर बोलावणार कोणाला आणि कुठून?

तेव्हा घोडी घ्यायची ती सारंगखेड्याच्या रीतीनं घ्या. दुकानातच दांडा प्रत्येक दातावर चढवा आणि वरून जोरात खाली दाबा. एकाही दातावर घसरला नाही पाहिजे. पाय बघा: रुंद फाकलेले हवेत, आणि चारही एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत. दुकानाच्या फरशीवर डुगडुगते ती घोडी अंगणात नाचेल. वेल्डिंगवर बोट फिरवा. सलग ओळ हवी, ठिपके नकोत. दातेरीवर मन बसत नसेल तर भोकांची घोडी मिळते: दांड्याला आरपार भोकं आणि त्यात जाड पिन. तिला फारशी अक्कल नसते, म्हणून तिच्यावर माझा भरवसा जास्त. पिन एकतर आरपार गेलेली असते किंवा नसते. अर्धी कबुली तिच्यात नाही. आणि पेटीवर "3 टन" लिहिलं असेल तर ते एकीचं का जोडीचं, हे विचारा. काही कंपन्या एका स्टँडची क्षमता लिहितात, काही दोघींची मिळून. दुकानदार म्हणेल, "दोन्ही एकच." ते एकच नाही, दुप्पट-निम्म्याचा फरक आहे.

उंचीही आपल्या जॅकशी जुळवून घ्यावी. जॅक तेहतीसपर्यंत जातो आणि घोडीची सगळ्यांत खालची पायरीच चाळीसची असेल, तर दोघांची भेट कधीच होत नाही. असे संसार मी गावात पाहिलेत. मग जॅकखाली वीट घातली जाते, आणि आपण पुन्हा विटेवर.

नवी घोडी आली की घरात तिच्या स्वागताला एक प्रश्न असतोच. तो बहुतेक वहिनी विचारतात, आणि गावातले इतर सगळे प्रश्न एकीकडे नि हा एकीकडे: "गाडी मागं गेली तर?" पुरुषमंडळी हँडब्रेककडे बोट दाखवतात. पण बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. तुम्ही मागचीच चाकं हवेत उचललीत तर हँडब्रेक हवेला धरून बसलाय, जमिनीवरची पुढची चाकं मोकळी. म्हणून जमिनीवर जी चाकं राहतात त्यांना दोन्हीकडून उटी लावायची, मजबूत, चाकाखाली घट्ट घुसणारी. एसटीवाले उतारावर बस लावताना तेच करतात. त्यांच्याकडे हायड्रॉलिक नाही, दगड आहे, आणि तो दगड कधी गळत नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धी आटी ढिले करून घ्यायचे; गाडी वर गेल्यावर पान्ह्यावर उड्या मारायच्या नसतात. जॅकची टोपी कंपनीनं खूण केलेल्या जागीच लावायची. कारला ती बहुधा दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीवर असते. तिथं मध्ये जुन्या ट्यूबचा जाड तुकडा किंवा खाच पाडलेला लाकडाचा ठोकळा घातला की पट्टी दुमडत नाही. खुणा कुठं आहेत हे गाडीच्या पुस्तकात असतं. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, पॉलिथिनच्या पिशवीत, पीयूसीच्या खाली, शोरूममधून निघाल्या दिवसापासून कोरं आहे. आणि काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवावं. घोडी दगा देईल असं नाही. पण दिलाच तर गाडी आधी त्या चाकावर येईल. खाली शिरण्याआधी गाडीला हातानं चांगला हिसका द्यावा. पडायची असेल तर आपण बाहेर असताना पडू दे.

यावर शेवटची हरकत येते ती खर्चाची. बऱ्या घोड्यांची जोडी दोन-तीन हजारांत येते. हे ऐकून "एवढे?" म्हणणाऱ्याच्या गाडीत मी एकदा बसून बघितलं. सीटकव्हर होते त्याहून महाग. मागं स्पीकरचे दोन डबे ठेवलेले, ज्यांतून "टिमली" वाजली की चार घरांची भांडी खाली येतात. त्यांची किंमत विचारायचं धाडस झालं नाही. मागच्या काचेवर रेडियमचा वाघ. पुढच्या बंपरला लिंबू आणि सात मिरच्या. मिरच्यांची मला तक्रार नाही. नंदुरबार मिरचीचा जिल्हा आहे आणि आमच्या मिरचीची ताकद मी जेवताना अनुभवलीय. दृष्ट ती नक्की काढत असेल. पण ती बांधलेली असते समोर, आणि गाडी पडते ती खाली.

पपईचा दर दरवर्षी शहाद्याच्या बाजार समितीत व्यापारी आणि शेतकरी यांच्यात घासाघीस होऊन ठरतो. एका रुपयासाठी आमचा शेतकरी दिवसभर खिंड लढवतो, आणि लढवलीच पाहिजे. त्या रुपयांतले थोडे या कामी लावावेत. आधी घोड्यांची जोडी घ्या, जॅकचं नंतर बघू. जॅक काय, शेजाऱ्याचा मागूनही चालतो. घोडी मात्र स्वतःची, स्वतः दात बघून घेतलेली असू द्या. आणि कोणी ओट्यावरून "काही व्हत नही" म्हटलं, तर त्यालाच आधी गाडीखाली जायला सांगा.